मधेच उठून गेलेल्या खेळाडूची कार्डं

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला एक पातळ कागद असतो. तो कोणी वाचत नाही. मी वाचते, कारण तेच माझं काम आहे. अंधेरीच्या एका ऑफिसात बसून मी त्या कागदावरचा मजकूर तपासते. दशांशाचं टिंब जागेवर आहे का, ‘घेऊ नये’मधला ‘नये’ छपाईत गळला तर नाही ना, हे बघते. सतरा वर्षं झाली. आई गेल्यापासून घाटकोपरच्या आमच्या घरात मी एकटीच असते. भाऊ अकोल्याला परत गेला, तिथेच रमला. सोमवार ते शुक्रवार मी दिवसाला किती वाक्यं बोलते ते एकदा सहज मोजलं होतं. त्यातली निम्मी रिक्षावाल्याशी होती.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मैत्रीण बसायची. मी तपासलेला मजकूर ती कागदावर मांडायची, अक्षरं आणखी बारीक करून बसवायची. आम्ही डबा एकत्र खायचो. पुढे तिने नोकरी सोडली आणि मुलुंडला घरूनच काम करायला लागली, तेव्हा मला वाटलं, संपलं. पण एका गुरुवारी तिचा फोन आला.

“अगं, तुला बारीक अक्षरं वाचायची सवय आहे ना? शनिवारी ये. आम्हाला चौथं माणूस हवंय.”

“कशाला?”

“कार्ड खेळायला. रमी नाही गं, वेगळं आहे. माझ्या नवऱ्याने लॉकडाऊनमध्ये खोकीच्या खोकी मागवली होती. आता घरात ठेवायला जागा नाही आणि खेळायला माणसं नाहीत.”

मी गेले. मुलुंड पूर्वेला आठव्या मजल्यावर त्यांचं घर. खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची. टेबलाशी तिचा नवरा, ती आणि बोरिवलीहून येणारा तिच्या नवऱ्याचा एक जुना मित्र. हा मित्र दातांचा डॉक्टर. नवरा गप्पिष्ट आणि हौशी माणूस. कार्डांना तेलाचे हात लागू नयेत म्हणून तो सगळ्यांना वेफर्स चिमट्याने खायला लावायचा. चार चिमटे खास विकत आणलेले. मला ते फार मजेशीर वाटलं.

खेळ असा होता. प्रत्येकाकडे आपापला शंभर कार्डांचा गठ्ठा. प्रत्येक कार्डावर त्या कार्डाची ताकद दोन-चार ओळींत लिहिलेली. ‘हे टेबलावर आलं की अमुक करा’, ‘कोणाचंही कार्ड मेलं की तमुक घ्या’. दोघंच खेळत असतील तर निभतं. चौघं बसले की एकाने एक कार्ड टाकलं तरी बाकी तिघांची कार्डं जागी होतात. एकाचं म्हणतं ‘करा’, दुसऱ्याचं म्हणतं ‘करता येणार नाही’. मग आधी काय घडणार, यावरून भांडण.

पहिल्याच शनिवारी असं भांडण झालं. नवरा म्हणत होता, माझं कार्ड आधी. डॉक्टर म्हणत होता, माझं. मी कोपऱ्यात पडलेली नियमांची घडीपत्रिका उचलली आणि वाचली. कागदाचा पोत आमच्या औषधांच्या कागदासारखाच होता. मी म्हटलं, “शेवटी बोललेलं आधी घडतं. एकावर एक रचायचं आणि वरून काढत यायचं.”

तिघांनी आपापली कार्डं पुन्हा वाचली. मग नवरा हसत म्हणाला, “झकास! आपल्याला कोर्ट मिळालं.”

तेव्हापासून मी कोर्ट झाले. मी इंटरनेटवरून पूर्ण नियमावली उतरवली, घाटकोपर स्टेशनसमोर झेरॉक्स काढून तिला स्पायरल बाइंडिंग केलं. अडीचशेच्या वर पानं. रोज संध्याकाळी जेवण झालं की मी पेन्सिल घेऊन ती वाचायची. मला खेळता फारसं यायचं नाही. मी बहुतेक वेळा हरायचे. पण शनिवारी दुपारी तीन माणसं आपापली कार्डं हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत थांबायची. असं माझ्याकडे बघत कोणी कधी थांबलं नव्हतं. ते मला इतकं आवडायचं की बुधवारपासूनच मी मनात शनिवारच्या साडीचा, म्हणजे कुर्त्याचा, विचार करायची. साडी मी नेसत नाही. हे आत्ता लिहितानाही हसू येतं.

दोन वर्षं असं चाललं.

आता जे सांगायचं ते मला तेव्हा दिसलं नव्हतं. मैत्रिणीचा नवरा वाईट नव्हता. स्वयंपाक छान करायचा, आवाज चढवायचा नाही. पण ती बोलत असताना तो पुढे गेलेला असायचा. खेळात तर सरळ दिसायचं. एकदा त्याने एक मोठं कार्ड टाकलं. तिच्याकडे ते रद्द करायचं कार्ड होतं. ती साबुदाणा वड्यांची थाळी खाली ठेवत हळूच म्हणाली, “थांब.” तोवर त्याने गठ्ठ्यातून पुढचं कार्ड ओढलं होतं.

“मी ‘थांब’ म्हणाले,” ती म्हणाली.

“कधी? मला ऐकू नाही आलं.”

“तू ओढत होतास तेव्हा.”

“मग उशीर झाला ना. कोर्टाला विचार.”

मला तिचं ‘थांब’ ऐकू आलं होतं. पण ओढलेलं कार्ड त्याने बघितलं होतं, आणि बघितलेलं परत न बघितलेलं कसं करणार? मी म्हटलं, “पुढचं कार्ड ओढलं गेलंय. आता मागे नाही जाता येत.”

आपलं कार्ड तिने परत हातातल्या कार्डांत खोचलं.

घरी आल्यावर मी ते पान पुन्हा वाचलं. माझा निर्णय चुकला होता. समोरच्याने घाई केली म्हणून आपला बोलायचा हक्क जात नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. मी समासात पेन्सिलने रेघ ओढली आणि ठरवलं, पुढच्या शनिवारी सांगायचं. पुढच्या शनिवारी नवऱ्याने दारातच “या, मायलॉर्ड!” म्हणून स्वागत केलं आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, मार्चमधला एक शनिवार. दुपारचे चार वाजून गेले होते. मैत्रिणीने एका कार्डाच्या जोरावर नवऱ्याचा गेंडा आपल्याकडे ओढून घेतला होता. हा गेंडा त्याचं लाडकं कार्ड होतं, त्याच्यावरच त्याचा सगळा डाव उभा असायचा. अर्धा तास तो धुमसत होता. शेवटी त्याने टेबलावरची सगळी जनावरं एका झटक्यात मारणारं कार्ड टाकलं. त्यावर ती म्हणाली, “मी गेंड्याला वाचवते,” आणि आपलं कार्ड ठेवलं. त्यावर डॉक्टरने आणखी एक ठेवलं. माझंही एक कार्ड जागं झालं. अशी चार गोष्टींची चळत झाली. मी टपालाच्या एका रिकाम्या पाकिटाच्या मागच्या बाजूला एक, दोन, तीन, चार लिहायला घेतलं.

तेवढ्यात ती म्हणाली, “मी सोडते.”

नवरा म्हणाला, “काय सोडते?”

“खेळ.”

“असा मधेच? अगं, सगळं अर्धवट आहे इथे. असं नाही सोडता येत.”

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. “येतं का?”

“येतं,” मी पाकिटावरून नजर न काढता म्हटलं. “कधीही सोडता येतं. कोणाची परवानगी लागत नाही.”

“नक्की?”

“नक्की. नियमच आहे तसा.”

ती उठली. आपली कार्डं तिने गोळा केली नाहीत, तशीच टेबलावर ठेवली आणि आत गेली.

नवरा लगेच म्हणाला, “मग माझा गेंडा?”

आणि मी पुस्तक उघडलं. मला ते पान जवळजवळ पाठ होतं, तरी वाचून दाखवायला हवं म्हणून उघडलं. एखादा खेळाडू खेळ सोडून गेला की त्याची सगळी कार्डं त्याच्याबरोबर खेळाबाहेर जातात. त्याने टाकलेलं पण अजून न घडलेलं कार्डही जातं. दुसऱ्याचं जे त्याने आपल्याकडे घेतलेलं असेल, ते मूळ मालकाकडे परत येतं.

“म्हणजे गेंडा माझा!” नवरा खूश झाला.

“तुझा. पण तिचं वाचवणारं कार्ड आता उरलं नाही. आणि सगळ्यांना मारणारं तुझं कार्ड अजून चळतीत आहे.”

“मग?”

“गेंडा तुझ्याकडे येतो आणि तुझ्याच कार्डाने मरतो.”

डॉक्टर मोठ्याने हसला. नवऱ्याला पटेना. तो म्हणाला, ती गेली तेव्हाच सगळी चळत रद्द व्हायला हवी. मी म्हटलं, फक्त तिची कार्डं जातात, तुझं राहतं. त्याने फोनवर शोधलं, मी पुस्तकात दाखवलं, डॉक्टरने आमच्यामधे डोकं घातलं. आम्ही तिघं त्या पानावर वाकलो होतो. आत कपाटाचं दार वाजलेलं मला आठवतं. बाहेरचं दार वाजलेलंही आठवतं. डॉक्टर म्हणाला, “दूध आणायला गेली वाटतं. चहा होणार.” मग आम्ही डाव पुढे खेळलो. आणखी चाळीसेक मिनिटं. डॉक्टर जिंकला.

चहा झालाच नाही. नवरा हाका मारत आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं, चिठ्ठी वगैरे नाही.

“बॅग नाहीये,” तो म्हणाला. “निळी मोठी बॅग. आणि तिचा लॅपटॉप.”

डॉक्टरने विचारलं, “भांडण झालं होतं का?”

“नाही रे. कुठलं भांडण?” तो खरंच आठवून बघत होता. मग त्याची नजर माझ्यावर आली. “तिने तुला विचारलं.”

“काय?”

“मला नाही, ह्याला नाही. तुला विचारलं, सोडता येतं का. आणि तू म्हणालीस, कोणाची परवानगी लागत नाही.”

“मी खेळाचं बोलत होते.”

“हो का?” तो म्हणाला.

मी माझा गठ्ठा पिशवीत भरला, पुस्तक भरलं. बसमधे बसून तिला फोन लावला तर बंद होता. घरी येईपर्यंत सात वेळा लावला.

चार दिवसांनी मेसेज आला. ‘सांताक्रूझला ताईकडे आहे. बरी आहे. काळजी नको.’ त्यानंतर तीन आठवड्यांनी तिने मला भेटायला बोलावलं. ताईच्या बिल्डिंगजवळ एका छोट्या हॉटेलात आम्ही बसलो. तिच्या केसांना रंग नव्हता, अंगावर ताईचा ढगळा कुर्ता होता, पण चेहऱ्यावर झोप पूर्ण झाल्याची तकाकी होती. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवायची तिला सवय झाली होती. विमान जाईपर्यंत हातानेच ‘एक मिनिट’ म्हणायची.

ती म्हणाली, “दोन महिने बॅग भरून ठेवली होती. रोज वाटायचं, आज. रोज राहायचं. त्या दिवशी तू ‘नक्की’ म्हणालीस ना, तेव्हा पायांत जोर आला.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. तेवढ्यात एक विमान आलं आणि ते जाईपर्यंत माझी सांगायची इच्छाही गेली. मी तिच्या हातावर हात ठेवला. मग ती मला ताईकडे घेऊन गेली आणि दारातच म्हणाली, “ताई, हीच ती. हिच्यामुळे निघाले.” ताईने मला पाणी दिलं, बेसनाचे लाडू दिले, वर चार बांधून दिले. मी ते घेतले. पुढच्या खेपेलाही ताईने तसाच मान दिला. मी तोही घेतला.

खोटं सांगत नाही, मला ते हवंसं वाटत होतं. माझ्या एका शब्दाने कोणीतरी निघालं, हे. त्या एप्रिलमधे मी ऑफिसला जाताना थोडी ताठ चालायचे. आणि रात्रीचं जेवण वाढून घेताना दर वेळी आठवायचं, मी पाकिटावरून मान वरसुद्धा केली नव्हती.

तिसऱ्या भेटीत मी सांगितलं. त्याच हॉटेलात.

“मला एक बोलायचंय. त्या दिवशी मी ‘नक्की’ म्हणाले ते तुझ्याबद्दल नव्हतं. मी डावाबद्दल म्हणाले होते. मला काहीच कळलं नव्हतं.”

ती कॉफी ढवळत राहिली.

“आणि आणखी एक. तू ‘थांब’ म्हणाली होतीस ते मला ऐकू आलं होतं. तेव्हा मी निकाल चुकीचा दिला. घरी जाऊन वाचलं, तरी तुला सांगितलं नाही.”

“कुठलं थांब?”

“साबुदाणा वडे केले होतेस त्या दिवशी. त्याने कार्ड ओढलं…”

“मला आठवतच नाही गं.” तिने खरंच प्रयत्न केला, मग मान हलवली. “पण डावाबद्दल म्हणालीस ते मला माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“मी बॅग घेऊन बाहेर आले ना, तेव्हा हॉलच्या दारात उभी राहिले होते. दोन मिनिटं असेन. जास्तच. तुम्ही तिघं वाकून बघत होता. तू पान उलटत होतीस. मला वाटलं, कोणी वर बघितलं तर काय सांगायचं? मनात वाक्यसुद्धा तयार केलं होतं. कोणी बघितलं नाही.”

मी कप बाजूला सारला.

“मग तू ताईला असं का सांगितलंस? हिच्यामुळे निघाले म्हणून?”

“कोणीतरी होतं असं वाटायला हवं होतं गं मला,” ती म्हणाली. “एकटीनेच केलं म्हटलं की भीती वाटते.”

आम्ही दोघीही रडलो नाही. तिने कॉफी संपवली, माझी राहिली. निघताना तिने मला मिठी मारली. पण रिक्षात बसल्यावर मला कळलं की आम्ही पुढच्या भेटीचं काही बोललोच नाही.

नंतर ती नाशिकला गेली. तिथे तिला एका छापखान्यात काम मिळालं. सुरुवातीला आठवड्याला फोन व्हायचा, मग महिन्याला, आता सणावाराला मेसेज येतो. गेल्या दिवाळीत तिने कुंडीतल्या शेवंतीचा फोटो पाठवला होता. राग नाही तिच्या मनात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिला बहुतेक माझ्याशी बोलताना तो हॉल दिसत असेल. मला तर दिसतोच.

तिच्या नवऱ्याशी माझा संबंध उरला नव्हता. डॉक्टरने एकदा फोन करून सांगितलं की दोघांचा घटस्फोट रीतसर झाला, शांतपणे झाला. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, नवऱ्याचा मेसेज आला. टेबलावर ठेवलेल्या चार कार्डांचा फोटो आणि खाली एवढंच, ‘हे कसं सुटेल?’

मी फोटो मोठा करून बघितला. कार्डांमागे दिसणारे चारही गठ्ठे त्याचेच होते, ओळखीचे. शेजारी चिमटा एकच होता. म्हणजे चारही हात तो एकटाच खेळत होता. मी खूप वेळ फोन हातात धरून बसले. ‘कसा आहेस’ असं टाइप केलं, पुसलं. मग उत्तर लिहिलं. ज्याची पाळी आहे त्याचं कार्ड तळाशी, मग टेबलाभोवती क्रमाने, आणि वरून सोडवत यायचं. त्याने अंगठा पाठवला. परत कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

मग माझे शनिवार मोकळेच राहिले. मी भाजी शनिवारी दुपारी आणायला लागले, तेव्हा मंडईत गर्दी नसते. बोलायलाही कोणी नसतं. भाजीवालीने एकदा विचारलं, “ताई, शनिवारी सुट्टी लागली का तुम्हाला?” मी हो म्हटलं. सुट्टी तर नेहमीचीच होती.

गेल्या वर्षी अंधेरीला ऑफिसच्या मागच्या गल्लीत अशा खेळांचं एक दुकान निघालं. आत सहा टेबलं आहेत. रविवारी दुपारी लोक येऊन बसतात. बहुतेक माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. मी तीन रविवार बाहेरून बघून परत आले. चौथ्या रविवारी आत गेले. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावर भांडण पेटलं आणि माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं. दुकानाची मालकीण म्हणाली, “मॅडम, तुम्हाला तर सगळं येतं! तुम्ही दर रविवारी जज म्हणून याल का? खेळायची गरज नाही, फक्त टेबलांमधून फिरायचं.”

मी म्हटलं, “नको. मी खेळायला आलेय.”

ती थोडी हिरमुसली. पण तिने मला एका टेबलावर बसवलं. दोन कॉलेजच्या मुली आणि एक बँकेतला माणूस. मला अजूनही चांगलं खेळता येत नाही, त्यामुळे सहाव्या फेरीतच मी बाद झाले. चौघांच्या खेळात आधी बाद होणाऱ्याला बाकीचे संपवेपर्यंत बसून राहावं लागतं. दीड तास मी बसून होते. दोघींतली एक मुलगी खेळताना खालचा ओठ चावायची आणि बोलायच्या आधी एक श्वास घ्यायची, तेवढ्यात दुसरे पुढे जायचे. तिसऱ्या वेळेला मी म्हटलं, “एक मिनिट, ती काहीतरी बोलतेय.” सगळे थांबले. मुलगी गोंधळली. “नाही, काही नाही,” ती म्हणाली, “मी सहज.” आणि खेळ पुढे सुरू झाला.

संध्याकाळी सहाला मी मेट्रोने घाटकोपरला परतले. घरी येऊन कुकर लावला, आणि शिट्ट्या होईपर्यंत कार्डांचा गठ्ठा पुन्हा लावून बघितला. कमजोर वाटलेली सात कार्डं काढली, त्यांच्या जागी दुसरी कुठली घालावीत ते काही सुचलं नाही. अजूनही मी रविवारी जाते. बहुतेक वेळा पहिलीच बाद होते.